निनावी माणसांचा पत्ता

बडोद्याच्या अकोटा भागात कुणालाही सर सयाजीराव नगरगृह कुठे आहे ते विचारा, लगेच हात करून दाखवतील. स्टेडियम विचारा, तेही सांगतील. विश्वामित्री नदीवरचा पूल ओलांडला की दांडिया बाजार, आणि तिथून पुढे जुनं बडोदं. या भागात पत्ता सापडला नाही असं सहसा होत नाही.

याच अकोट्यातलं एक घर डोळ्यांपुढे आणा. रविवारची सकाळ आहे. पन्नाशीकडे झुकलेले एक गृहस्थ दोन्ही हातांनी चहाचा कप धरून बसले आहेत, कारण एका हातात तो थरथरतो. ते बायकोला म्हणतात, "आता बास. मला सोडायचीय." हे वाक्य ऐकायला ती माउली कित्येक वर्षं थांबलेली असते. ती लगेच विचारते, "मग जायचं कुठे?"

दारू सोडलेल्या माणसांच्या सभा भरतात आणि त्यांना ए.ए. म्हणतात, एवढं दोघांनी ऐकलेलं असतं. पण ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे निनावी मद्यपी. त्यांच्या दारावर मोठी पाटी नसते. सभासदांची यादी नसते. कार्यालयात बसलेला अध्यक्ष नसतो. त्यात गुजरात हे राज्य दारूबंदीचं. ज्यांनी आपलं नाव न सांगायचं ठरवलं आहे, त्यांना शोधायचं कसं? आणि शोधून काढलंच, तर एका खोलीत बसून नुसतं बोलल्यानं दारू सुटते कशी?

या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. सभा चालते कशी हे कळलं, की ती सापडते कशी हेही कळतं.

पहिला शोध टेलिफोनवरचा

मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं अ‍ॅक्रन शहर. न्यूयॉर्कहून धंद्याच्या कामासाठी आलेला बिल विल्सन हॉटेलच्या दालनात एकटा उभा होता. काम फसलं होतं, खिसा रिकामा होता. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. दालनाच्या एका बाजूला बार होता, तिथून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता.

बिलला एक गोष्ट अनुभवानं कळली होती. गेले काही महिने तो इतर दारुड्यांना समजवायला जात होता. त्यातला एकही सुधारला नव्हता, पण स्वतः बिल मात्र त्या काळात प्यायला नव्हता. म्हणून त्या संध्याकाळी त्याला एक पिणारा माणूस हवा होता, बोलायला. तो टेलिफोनकडे गेला. शहरातल्या एका अनोळखी पाद्र्याला त्यानं फोन लावला. त्यांनी काही नावं दिली. एकेक फोन फुकट जात होता. अखेर हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंशी गाठ पडली आणि त्यांनी डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी त्याची भेट घडवून आणली. डॉक्टर दारूत पार बुडालेले होते. पंधरा मिनिटं बसून निघायचं असं ठरवून ते आले आणि कित्येक तास बसले. समोरचा माणूस उपदेश करत नव्हता, स्वतःचीच हकीकत सांगत होता.

डॉ. बॉब यांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ रोजी. ए.ए.चा जन्मदिवस तोच मानला जातो. १९५७ साली ही चळवळ भारतात आली.

म्हणजे या चळवळीची सुरुवातच एका शोधापासून झाली. पाटी वाचून कोणी कुणाकडे गेलं नाही. एका फोननं दुसरा फोन सुचवला, एका माणसानं दुसऱ्या माणसाकडे पाठवलं. नव्वद वर्षांनंतर अकोट्यातल्या त्या गृहस्थांनाही हाच मार्ग आहे.

विरजणाची गोष्ट

दूध कितीही चांगलं असलं तरी आपोआप त्याचं घट्ट, गोड दही होत नाही. नुसतं ठेवलं तर ते नासतं. त्याला कालच्या दह्याचं चमचाभर विरजण लागतं. त्या विरजणाचंही एक वैशिष्ट्य आहे. ते वाटीत तसंच ठेवून दिलं तर आंबट होतं, बुरशी धरतं. रोज नव्या दुधाला लावत राहिलं तरच ते वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

ए.ए.ची सभा अशीच चालते. नवा माणूस म्हणजे दूध, आणि दोन-पाच-दहा वर्षं न प्यायलेला माणूस म्हणजे विरजण. घरच्यांनी हजारदा समजावलेलं असतं, डॉक्टरांनी यकृताचे अहवाल दाखवलेले असतात, पण मद्यपीच्या मनात एक दार बंद असतं: "यांना काय कळतंय!" समोर बसलेला माणूस जेव्हा सांगतो की मी पाण्याच्या टाकीमागे बाटली लपवायचो, मुलाच्या फीचे पैसे मी उडवले, रोज सकाळी शपथ घ्यायचो आणि संध्याकाळी मोडायचो, तेव्हा ते दार किलकिलं होतं. त्याला कळतं, ही माझीच गोष्ट आहे. आणि हा माणूस आज शुद्धीत आहे.

उलट बाजूनं, सांगणाऱ्यालाही त्याची गरज असते. नव्या माणसाचे थरथरते हात पाहिले की त्याला आपला जुना दिवस आठवतो. मदत करणं हाच त्याचा उपचार. म्हणूनच ए.ए.मध्ये नव्या माणसाला कोणी त्रास समजत नाही. जुने खरोखरच त्याची वाट पाहत असतात. पहिल्यांदा जायला लाजणाऱ्या प्रत्येकानं हे मनात पक्कं धरावं: तुम्ही तिथे काही मागायलाच जात नाही, काही देतही असता.

त्या खोलीत घडतं काय?

सभा साधारण तास-दीड तासाची. जागा बहुधा शाळेचा वर्ग, चर्चची खोली किंवा दवाखान्यातला हॉल. एक जण सभा चालवतो, तो 'चेअर'वर असतो असं म्हणतात. सुरुवातीला शांततेची प्रार्थना होते. मग एकेक जण स्वतःचं नुसतं पहिलं नाव सांगून अनुभव सांगतो, त्याला 'शेअरिंग' म्हणतात. कोणी मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. बोलायची सक्ती नसते. नवा माणूस "आज मी फक्त ऐकतो" असं म्हणू शकतो.

प्रवेशाची अट एकच: दारू सोडायची इच्छा. फी नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात ज्याला जमेल ते टाकायचं. जागेचं भाडं आणि चहा त्यातून निघतो. बाहेरच्यांची देणगी ए.ए. घेत नाही.

काही सभा 'खुल्या' असतात. तिथे घरचे, मित्र, विद्यार्थी कोणीही येऊन बसू शकतात. 'बंद' सभा फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असतात. पहिल्या खेपेला सोबत कोणी हवं असेल तर खुली सभा निवडावी.

ए.ए.च्या बारा पायऱ्या प्रसिद्ध आहेत. त्यांचा सारांश असा: दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करणं, आपल्याहून मोठ्या शक्तीवर भरवसा ठेवणं, आपल्या चुकांचा हिशेब मांडणं, ज्यांना दुखावलं त्यांची शक्य तिथे भरपाई करणं आणि मग दुसऱ्या मद्यपीला हात देणं. ही 'उच्चशक्ती' म्हणजे अमुकच देव, असं कोणी सांगत नाही. कुणी विठ्ठल मानतो, कुणी येशू, तर कुणी त्या खोलीतल्या माणसांनाच ती शक्ती समजतो. रोजच्या व्यवहारात मात्र सगळं एका सूत्रावर चालतं: फक्त आजचा दिवस प्यायचं नाही. जन्मभराची शपथ पेलत नाही, चोवीस तासांची पेलते.

या सभा बऱ्याचदा संध्याकाळी असतात, याचाही फायदा होतो. दारूची सवय मेंदूत वेळेला, जागेला आणि सोबत्यांना चिकटलेली असते. सात वाजले, ते वळण आलं, तो मित्र भेटला की तलफ उठते. ही तलफ लाटेसारखी असते. चढते, फुटते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. त्या अर्ध्या तासात माणूस कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. सातला सभेत बसलेला माणूस ती लाट दहा जणांच्या मध्ये बसून पार करतो.

दारूबंदीच्या राज्यात नाव का सांगायचं नाही?

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. १ मे १९६० रोजी गुजरात आणि महाराष्ट्र वेगळे झाले, पण कायदा दोन्हीकडे राहिला. महाराष्ट्रानं परवान्यांनी तो सैल केला, गुजरातनं बंदी कायम ठेवली. आरोग्याच्या कारणावरून किंवा बाहेरून आलेल्या पाहुण्याला परवाना मिळतो. विनापरवाना पिणं हा गुन्हा आहे.

बंदीमुळे पुष्कळ जण दारूपासून लांब राहतात, हे खरं. पण जो आहारी गेला आहे त्याच्यासाठी तिचा एक दुष्परिणाम होतो: पिणं लपतं, आणि लपलेल्या आजाराला मदत उशिरा मिळते. लपून पिणारा काय पितो याचाही भरवसा नसतो. जुलै २०२२मध्ये बोटाद आणि आसपासच्या भागात मिथेनॉल असलेली दारू पिऊन चाळीसहून अधिक माणसं गेली.

अशा ठिकाणी 'निनावी' या शब्दाला दुप्पट मोल येतं. ए.ए. हजेरीपट घेत नाही, आधारकार्ड मागत नाही, आडनाव विचारत नाही. सभेत ऐकलेलं सभेतच ठेवायचं, हा अलिखित करार असतो. दारूबंदी असावी की नसावी, याबद्दलही ए.ए. मत देत नाही. बाहेरच्या वादात पडायचं नाही ही त्यांची परंपराच आहे. व्यसन सोडायला मदत मागणं हा गुन्हा नाही, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावं. पोलीस, शेजारी, सोयरे यांच्या भीतीनं रविवारची ती सकाळ वाया घालवू नये.

आधी डॉक्टर, मग सभा

इथे एक महत्त्वाची सूचना. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका झटक्यात, घरातल्या घरात दारू थांबवू नये. का, ते समजून घेऊ.

एका दाराला बाहेरून एक माणूस सतत ढकलतो आहे आणि आतून दुसरा तितक्याच जोरानं रेटतो आहे. दार जागेवर राहतं. बाहेरचा माणूस एकदम बाजूला झाला तर? आतला धाडकन बाहेर कोसळेल. दारू मेंदूला शांत, मंद करते, हा बाहेरचा रेटा. रोजच्या दारूची सवय झालेला मेंदू स्वतःला जागं ठेवण्यासाठी उत्तेजना वाढवत नेतो, हा आतला रेटा. दारू अचानक थांबली की ती उत्तेजना मोकळी सुटते. हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला भास होतात, दिशाभान जातं, ताप चढतो. ही अवस्था जिवावर बेतू शकते. डॉक्टर काही दिवस औषधं देऊन तो रेटा हळूहळू कमी करतात आणि ब-१ जीवनसत्त्व देऊन मेंदूचं रक्षण करतात.

बडोद्यात यासाठी सयाजीराव रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मनोरुग्णालय आहे. मनोरुग्णालय म्हटल्यावर दचकू नका. व्यसन हा आजार आहे आणि त्याचे डॉक्टर तिथेच असतात. दवाखाना शरीरातली दारू उतरवतो. पुढची वर्षं न पिता काढायला सभा लागते.

अकोट्यातून शोध घ्यायचा तो असा

पहिला फोन १४४४६ला करा. ही व्यसनमुक्तीसाठीची केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. मनाचा त्रासही मोठा असेल तर १४४१६, म्हणजे टेलि-मानस. दोन्हीकडे जवळच्या उपचार केंद्राची माहिती विचारता येते.

दुसरा फोन ए.ए.चा. त्यांचं भारताचं मुख्य सेवा कार्यालय मुंबईत आहे, संकेतस्थळही आहे. शहराचं नाव 'वडोदरा' आणि भागाचं नाव 'अकोटा' असं दोन्ही सांगा, नाहीतर अकोट किंवा अकोल्याशी गल्लत व्हायची. अकोट्यातच सभा हवी असा हट्ट धरू नका. अलकापुरी, दांडिया बाजार, गोत्री, फतेगंज, जुना पादरा रस्ता हे सगळं रिक्षाच्या टप्प्यात आहे.

तिसरा मार्ग माणसांचा. मानसोपचार विभागातल्या समाजसेवकाला विचारा. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकाला विचारा. ओळखीत कुणी दारू सोडली असेल तर संकोच न करता त्यालाच विचारा. त्याला राग येणार नाही. विरजणाची गोष्ट आठवा.

फोनवर पाच गोष्टी लिहून घ्या: वार आणि वेळ, भाषा, सभा खुली की बंद, इमारतीचं कोणतं फाटक आणि कोणती खोली, आणि दारात कुणाला भेटायचं. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. पहिल्या दिवशी माणसं दारापर्यंत येऊन परत फिरतात. आत कोणी वाट पाहतंय हे माहीत असलं की पाय आत पडतो. सभेच्या जागा आणि वेळा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्याच दिवशी पुन्हा एकदा खात्री करून घ्या.

भाषेचा प्रश्न बडोद्याच्या मराठी घरांत खास आहे. गायकवाडांच्या काळापासून इथे राहिलेली ही माणसं बाजारात सहज गुजराती बोलतात. पण लाज, पश्चात्ताप, आईची आठवण मराठीतच येते. गुजराती किंवा हिंदी सभेत ऐकायला अडचण नसते. बोलायची वेळ आली की मराठीत बोलावं, समजणारे निघतात. शिवाय २०२०च्या टाळेबंदीनंतर अनेक सभा मोबाइलवरही भरू लागल्या, त्यामुळे महाराष्ट्रातल्या मराठी सभेत घरबसल्या बसता येतं. ही सोय पूरक म्हणून उत्तम. मात्र पडद्यावरचा माणूस रात्री दहाला दुचाकी घेऊन दारात येऊ शकत नाही. म्हणून जवळची सभा सोडू नये.

कोणती सभा चांगली? जिथे पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणं जमेल ती. दोन-तीन ठिकाणी जाऊन पाहावं, मन बसेल तिथे टिकावं. तिथल्या एखाद्या जुन्या सभासदाला आपला 'स्पॉन्सर' व्हायला सांगावं. स्पॉन्सर म्हणजे पैसे देणारा नव्हे. तलफ आल्यावर बाटलीआधी ज्याला फोन करायचा, तो माणूस.

घरच्यांची वेगळी सभा

दारू एक जण पितो, आजारी सगळं घर पडतं. "यांना ताप आलाय" असा साहेबांना फोन बायकोच करते, उधारी आई फेडते, मुलं मित्रांना घरी आणत नाहीत. यातलं बरंचसं प्रेमापोटी होतं, पण त्यामुळे पिणाऱ्याला आपल्या पिण्याची किंमत कधी दिसतच नाही.

बिलच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली अल-अ‍ॅनॉन ही घरच्यांची संघटना उभी केली. तिथे तीन गोष्टी शिकवतात: हा आजार तुमच्यामुळे झालेला नाही, तो तुम्हाला ताब्यात ठेवता येणार नाही, आणि तो तुम्ही बरा करू शकणार नाही. हे ऐकून अनेक बायकांच्या खांद्यावरचं वर्षानुवर्षांचं ओझं उतरतं. नवरा यायला तयार नसला तरी बायकोनं जावं. घर बदललं की तोही बदलण्याची शक्यता वाढते.

महाराष्ट्रात हा विचार घराघरांत नेला पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं. तिथला निवासी उपचार पस्तीस दिवसांचा आहे, पण त्यानंतरच्या पाठपुराव्याच्या सभा आणि घरच्यांचा सहभाग यांना तिथे तितकंच महत्त्व आहे.

उपयोग होतो का? आणि घसरलं तर?

२०२०मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसं यांचा आढावा घेतला. ज्यांना पद्धतशीरपणे ए.ए.शी जोडून दिलं गेलं, त्यांच्यात सलग दारूपासून दूर राहणाऱ्यांचं प्रमाण इतर मान्यताप्राप्त समुपदेशनापेक्षा काहीसं जास्तच आढळलं. हा सगळ्यांना लागू पडणारा रामबाण नाही. कुणाला औषधं लागतात, कुणाला समुपदेशन, कुणाला सगळंच. सभा यांच्या आड येत नाही.

घसरणं, ज्याला सभेत 'स्लिप' म्हणतात, तेही होतं. खुद्द डॉ. बॉब बिलला भेटल्यावर काही आठवड्यांतच एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि तिथे भरपूर प्यायले. परत आल्यावर बिलनं त्यांना दार बंद केलं नाही. त्यानंतर ते मरेपर्यंत प्यायले नाहीत. घसरलेल्या माणसानं दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर येऊन बसायचं, एवढंच. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा सांभाळल्या तर घसरणं पुष्कळ टळतं.

थोडक्यात

• रोज भरपूर पीत असाल तर एकदम थांबवू नका. आधी डॉक्टरांकडे जा.
• मोफत हेल्पलाइन: व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक त्रासासाठी १४४१६.
• ए.ए.कडे शहर आणि भाग दोन्ही सांगून सभा विचारा. वेळ, भाषा, खुली की बंद, खोली आणि भेटायचा माणूस लिहून घ्या.
• सभेला फी नाही, नोंद नाही, आडनाव नाही.
• घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळी असते.
• घसरलात तरी परत या.

२०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार आपल्या देशात दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेली माणसं सुमारे ५ कोटी ७० लाख आहेत. आणि दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला काही ना काही उपचार मिळालेला असतो. उरलेले सदतीस कुठल्या ना कुठल्या घरात, दोन्ही हातांनी कप धरून बसलेले असतात. त्यांच्यातला एखादा तुमच्या घरात असेल, शेजारी असेल, किंवा तो तुम्हीच असाल. आज एक फोन करा. पहिला फुकट गेला तर दुसरा करा. पलीकडे कोणीतरी तुमची वाट पाहत आहे.